पांचवें नाणें

जुन्या काळीं सराफाच्या पेढीवर एक गुळगुळीत फरशी बसविलेली असे. गिऱ्हाइकानें रुपया पुढें केला कीं, सराफ तो आधीं त्या फरशीवर आपटी, कान देऊन त्याचा नाद ऐके, मग कांठावरून अंगठा फिरवी, आणि एवढें झाल्यावरच तो रुपया गल्ल्यांत जाई. नाद बद्द निघाला तर रुपया मुकाट्यानें परत मिळे, आणि चारचौघांत तो परत घेतांना गिऱ्हाइकाची मान खालीं जाई. पारख्याच्या शब्दावर अपील नव्हतें.

खोटें नाणें खरें म्हणून खपविणाऱ्यांच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु खरेंच नाणें पारख्यानें खोटें ठरविलें तर? त्यानें दाद कोणाकडे मागावी? आज मी आपणांस अशाच एका नाण्याची हकीकत सांगणार आहें. नाणें अमेरिकेंतील आहे, धातूच्या भावानें पाहिलें तर अगदीं क्षुल्लक आहे. पण खोटेपणाचा शिक्का बसून तें चाळीस वर्षें एका कपाटांत पडून होतें, आणि त्याचा न्याय झाला तो नाण्यांच्या एका मोठ्या मेळाव्यांत.

हे मेळावे म्हणजे काय, तें प्रथम सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत नाण्यांचे व्यापारी आणि संग्राहक यांची एक राष्ट्रीय संस्था १८९१ सालीं शिकागो येथें स्थापन झाली. तिचें अधिवेशन दर वर्षीं बहुधा निरनिराळ्या शहरीं भरतें. एखाद्या प्रचंड सभागृहांत शेंकडों टेबलें मांडलेलीं असतात. प्रत्येक टेबलावर कांचेची पेटी, पेटींत मखमलीवर नाणीं, वर प्रखर दिवा, आणि मागें खुर्चीवर भिंग घेऊन बसलेला व्यापारी. एका बाजूला लिलांव चाललेला असतो, दुसऱ्या बाजूला अभ्यासकांचीं व्याख्यानें, तिसरीकडे केवळ पाहण्यासाठीं ठेवलेलीं दुर्मिळ नाणीं. खुद्द संस्थेनेंच या अधिवेशनाला ‘पैशांची जागतिक जत्रा’ असें नांव दिलें आहे, आणि तें यथार्थ आहे. आपल्या जत्रेंत जसा बैलांचा बाजार, कुस्तीचा फड आणि कीर्तन हीं एकाच मैदानांत नांदतात, तसेंच तेथें व्यवहार, स्पर्धा आणि विद्या हीं एका छपराखालीं असतात.

अशा मेळाव्याला जाणाऱ्या व्यापाऱ्याचें जिणें मात्र बाहेरून दिसतें तितकें सुखाचें नव्हे. आपली सारी पुंजी पेट्यांत भरून त्यानें शेंकडों मैल प्रवास करावयाचा, वाटेंत चोराची धास्ती, मुक्कामीं झोप नाहीं. टेबलावर बसल्यावर समोर येणारा प्रत्येक मनुष्य गिऱ्हाईकहि असूं शकतो आणि ठकहि. दुसऱ्याच्या टेबलावरचें नाणें उचलून क्षणभरांत त्याची पारख करावयाची आणि शब्द द्यावयाचा. एकदां शब्द दिला कीं तो फिरवितां येत नाहीं. फिरविला तर पुढच्या मेळाव्यांत त्या व्यापाऱ्याशीं कोणी व्यवहार करीत नाहीं.

९ मार्च १९६२ रोजीं जॉर्ज वॉल्टन नांवाचा असाच एक मनुष्य नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील विल्सन गांवच्या मेळाव्यासाठीं मोटारीनें निघाला होता. नाणीं जमविणें आणि त्यांची देवघेव करणें यांत त्याचें आयुष्य गेलें होतें. वाटेंत समोरून येणाऱ्या मोटारीशीं टक्कर होऊन तो मृत्यु पावला. मेळाव्यांत मांडण्यासाठीं त्यानें बरोबर घेतलेलीं सुमारें अडीच लक्ष डॉलर किंमतीचीं नाणीं त्या अपघाताच्या जागीं मिळालीं असें सांगतात. त्या नाण्यांत निकेलमिश्रित तांब्याचें पांच सेंटचें एक नाणें होतें. त्यावर १९१३ हा सन होता. आमच्या कथेचा नायक तोच.

या नाण्याचें महत्त्व कळण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. पांच सेंटचें नाणें अमेरिकेंत ‘निकेल’ म्हणून ओळखलें जातें. त्याचें वजन पांच ग्रॅम. त्यांत पाऊण हिस्सा तांबें आणि पाव हिस्सा निकेल. चार्ल्स बार्बर या कोरक्यानें त्यासाठीं स्वातंत्र्यदेवतेच्या मुखाचा एक नवा ठसा तयार केला आणि १८८३ पासून तीं नाणीं चालूं झालीं. आरंभीं मागल्या बाजूस पांचाचा रोमन आंकडा तेवढा घातला होता. ‘सेंट’ हा शब्द घालावयाचा राहून गेला. झालें! ठकांनीं त्या नाण्यावर सोन्याचा मुलामा चढविला आणि पांच डॉलरची मोहोर म्हणून तीं भोळ्या दुकानदारांच्या गळ्यांत मारलीं. टांकसाळीला त्याच वर्षीं तो शब्द घालून चूक सुधारावी लागली. या नाण्याची जात अशी जन्मापासूनच संशयांत सांपडलेली आहे.

हा ठसा १९१२ अखेर चालला. त्यानंतर जेम्स फ्रेझर या शिल्पकारानें केलेला नवा ठसा यावयाचा होता. त्याच्या एका बाजूस अमेरिकेच्या मूळ रहिवाशाचें मुख आणि दुसऱ्या बाजूस रानरेडा होता. नवीन ठसे तयार होईपर्यंत १९१३ सालचीं पांच सेंटचीं नाणीं पाडूं नयेत, असा हुकूम डिसेंबर १९१२ मध्येंच फिलाडेल्फियाच्या टांकसाळीस गेला होता. १९१३ च्या फेब्रुवारींत रानरेड्याचीं नाणीं बाहेर पडलीं. सरकारी दप्तराप्रमाणें, १९१३ हा सन असलेलें जुन्या ठशाचें एकहि नाणें पाडलें गेलें नाहीं.

असें असतां डिसेंबर १९१९ मध्यें त्या राष्ट्रीय संस्थेच्या मासिकांत एक जाहिरात आली. १९१३ सालच्या जुन्या ठशाच्या निकेलला कोणी सॅम्युएल ब्राउन नांवाचे गृहस्थ ५०० डॉलर देण्यास तयार होते. जें नाणें असल्याचें कोणाला ठाऊकच नव्हतें, त्याला ही किंमत! पुढच्या वर्षीं, १९२० सालीं, शिकागो येथें भरलेल्या अधिवेशनांत हे ब्राउनसाहेब असें नाणें घेऊन प्रत्यक्ष हजर झाले. जमलेले व्यापारी थक्क होऊन पाहत राहिले. हे ब्राउन कोण? १९१३ सालीं ते फिलाडेल्फियाच्या टांकसाळींतच नोकरीस होते! तेव्हां टांकसाळींत राहिलेल्या जुन्या ठशांवर कोणीं तरी गुपचूप पांच नाणीं पाडलीं, आणि पुढें तीं कोठून तरी विकत मिळालीं असा देखावा उभा करण्यासाठीं ती जाहिरात दिली गेली, असा तर्क बहुतेक अभ्यासक करतात. पुरावा मात्र कोणाच्या हातीं लागलेला नाहीं.

हीं पांचहि नाणीं पुढें कर्नल ग्रीन नांवाच्या एका अतिश्रीमंत संग्राहकाकडे गेलीं आणि १९३६ सालीं त्याच्या मृत्यूपर्यंत एकत्र राहिलीं. या काळांत मॅक्स मेल या टेक्सासमधील व्यापाऱ्यानें एक गंमत केली. १९१३ चें तें निकेल आणून देणारास ५० डॉलर देऊं, अशा जाहिराती त्यानें देशभर छापल्या. पांचहि नाणीं कोठें आहेत हें जाणत्यांस ठाऊक होतें. तेव्हां पन्नास डॉलर देण्याचा प्रसंग आपणांवर येणार नाहीं, याची त्याला खात्री असली पाहिजे. परंतु नाण्यांच्या किंमती सांगणारें त्याचें पुस्तक त्या निमित्तानें अफाट खपलें. आर्थिक मंदीचे ते दिवस. ट्रामचे वाहकसुद्धां हातीं आलेलें प्रत्येक निकेल उलटून त्यावरचा सन पाहत आणि गाड्यांना उशीर होई, अशी आख्यायिका आहे.

या जाहिरातींचा दुसरा परिणाम इतका विनोदी नव्हता. १९१० किंवा १९१२ सालचें नाणें घ्यावें, शेवटचा आंकडा कोरून त्याचा तीन करावा, आणि १९१३ चें म्हणून तें विकूं पाहावें, असा धंदा कित्येकांनीं केला. अशीं बनावट नाणीं इतकीं झालीं कीं, १९१३ चें निकेल म्हणून कोणी कांहीं दाखविलें, तर तें खोटेंच असणार असें जाणता व्यापारी धरून चालूं लागला. पुढें जो अन्याय झाला, त्याचें बीं येथें आहे.

ग्रीनच्या मृत्यूनंतर पांच भावंडांची फाटाफूट झाली. एक इजिप्तचा राजा फारूक याच्या संग्रहांत जाऊन आलें, आणि अखेर १९७८ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन वस्तुसंग्रहालयास दान मिळालें. दुसरें मिल्वॉकीचा व्यापारी मॅक्डर्मॉट याच्याकडे होतें. या गृहस्थाची तऱ्हा न्यारी. तो तें बहुमोल नाणें बरोबर बाळगी, मेळाव्यांत मांडी, मद्यगृहांत मित्रांच्या हातून फिरवी; म्हणून हजारों सामान्य लोकांना तें पाहावयास मिळालें. त्याच्या मागें १९६७ सालीं त्याच्या पत्नीनें तें मायामीच्या अधिवेशनांत लिलांवास काढलें, तेव्हां त्याला ४६,००० डॉलर आले. घेणारानेंहि तें पुढें १९८९ मध्यें त्या राष्ट्रीय संस्थेच्या संग्रहालयास देऊन टाकलें. आणखी दोन धनिकांच्या संग्रहांतून हिंडत राहिलीं.

पांचवें वॉल्टनचें. १९४५ च्या सुमारास त्यानें तें घेतलें. त्यासाठीं पावणेचार हजार डॉलर मोजले, असें सांगतात. आतां त्याच्या मृत्यूनंतर काय झालें तें ऐकावें. १९६३ मध्यें त्याचा सारा संग्रह लिलांवासाठीं एका नामांकित पेढीकडे गेला. पेढीच्या पारख्यांनीं हें नाणें पाहिलें, आणि सन बदललेलें बनावट नाणें असा निर्णय देऊन घरच्या मंडळींकडे परत धाडलें. इतर नाणीं विकलीं गेलीं. हें तेवढें उरलें.

त्या घरच्या माणसांची अवस्था मनांत आणून पाहा. जो माणूस आयुष्यभर नाण्यांची पारख करीत आला, त्याच्याच संग्रहांतलें सर्वांत मानाचें नाणें खोटें! म्हणजे तो स्वतः फसला असावा, किंवा त्याहूनहि वाईट, दुसऱ्यास फसवीत असावा. खुलासा करावयास तो जिवंत नव्हता. आणि निर्णय देणारे त्या विद्येंतले मोठे लोक; त्यांच्यापुढें सामान्य कुटुंबानें काय बोलावें?

वॉल्टनच्या बहिणीच्या वांट्यास तें नाणें आलें. तिनें तें टाकून दिलें नाहीं. कोणास देऊनहि टाकलें नाहीं. किंमत नाहीं असा शेरा असलेल्या पाकिटांत घालून तिनें तें कपाटांतल्या पेटींत ठेवलें. १९९२ मध्यें ती वारली, तोंवर तें तेथेंच होतें. व्यापारी मंडळींत इकडे, पांचवें नाणें कोठें गेलें, याविषयीं नाना तर्क चालत. कोणी म्हणे, तें अपघातांतच हरवलें. कोणी म्हणे, वॉल्टननें तें गुप्तपणें विकलें. खोटें म्हणून परत केलेलें नाणेंच तें असेल, हें तीस-चाळीस वर्षें कोणाच्या ध्यानींमनीं आलें नाहीं.

२००३ सालीं त्या संस्थेचें अधिवेशन बाल्टिमोर शहरीं भरावयाचें होतें. तेथें उपलब्ध असलेलीं चारहि निकेलें प्रथमच एकत्र मांडावयाचीं ठरलें. त्या निमित्तानें एका व्यापारी पेढीनें जाहीर केलें कीं, हरवलेलें पांचवें नाणें जो आणून देईल, त्याला आम्ही दहा लक्ष डॉलर देऊं. ही बातमी वृत्तपत्रांतून वॉल्टनच्या भाचरांपर्यंत पोहोंचली. आईनें जपलेलें तें पाकीट त्यांनीं बाहेर काढलें आणि नाणें घेऊन तीं बाल्टिमोरला गेलीं.

अधिवेशनाचीं दारें लोकांना उघडण्यापूर्वींची ती रात्र, २९ जुलै. चार सिद्ध नाणीं कडक बंदोबस्तांत आणलेलीं होतीं. एका खोलींत सहा तज्ज्ञ बसले, आणि त्यांच्यासमोर चार नाण्यांच्या शेजारीं हें पांचवें ठेवलें गेलें. १९६३ मध्यें जी सोय नव्हती ती हीच. त्या वेळच्या पारख्यांपुढें एकटें नाणें होतें; ताडून पाहावयास त्याचें भावंड जवळ नव्हतें.

शेजारीं ठेवल्यानें असा काय फरक पडतो? नाणें पाडण्याची रीत ध्यानांत घेतली म्हणजे हें समजेल. पोलादाच्या दोन ठशांमध्यें धातूची कोरी चकती ठेवून दाब दिला कीं नाणें तयार होतें. ठशावर हत्याराचा एखादा केसाएवढा ओरखडा राहिला असेल, तर त्याची उंच रेघ त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागीं उमटते. ठकानें नंतर नाणें कोरलें तर खांच पडेल, भोंवतालचा धातु हललेला दिसेल. पण आईच्या कपाळावरचा तीळ मुलाच्या कपाळावर उतरावा, तशी ती ठशाची उंच रेघ दुसऱ्या नाण्यावर नेमक्या ठिकाणीं उठविणें त्याच्या हातचें नाहीं. सहाहि जणांनीं आळीपाळीनें भिंग डोळ्याला लावून चार नाण्यांवरच्या खुणा पाहिल्या, त्याच खुणा पांचव्यावर शोधल्या. मध्यरात्र उलटली. शेवटीं सहाहि जणांचा एकच निर्णय झाला: नाणें खरें आहे.

दुसऱ्या दिवशीं अधिवेशन उघडलें, तेव्हां कर्नल ग्रीनच्या संग्रहानंतर प्रथमच पांचहि भावंडें एका ठिकाणीं आलीं होतीं. दहा लक्ष डॉलरची रक्कम समोर असतांहि भाचरांनीं नाणें त्या वेळीं विकलें नाहीं. लोकांनीं तें पाहावें म्हणून त्यांनीं तें सुमारें दहा वर्षें कॉलोरॅडो स्प्रिंग्ज येथील संस्थेच्या संग्रहालयांत ठेवूं दिलें. नाण्याला शंभर वर्षें पूर्ण झालीं त्या वर्षीं, एप्रिल २०१३ मध्यें, इलिनॉय प्रांतांतील एका मेळाव्यांत त्याचा लिलांव झाला आणि ३१,७२,५०० डॉलर किंमत आली. ज्या भावाला लोकांनीं फसलेला म्हणून सोडून दिलें होतें, त्याची पारख बरोबर होती, हें जगजाहीर झालें. बहीण मात्र तें पाहावयास उरली नव्हती.

येथें एखादा चौकस श्रोता विचारील कीं, ज्या नाण्याला सरकारी हुकूम नव्हता, त्याला खरें तरी कसें म्हणावें? शंका रास्त आहे. खरेपणाचे येथें दोन अर्थ आहेत. हें नाणें टांकसाळीच्याच ठशांतून निघालेलें आहे. त्या अर्थीं तें खरें. परंतु राजसत्तेच्या संमतीवांचून, बहुधा एखाद्या नोकराच्या लबाडीनें, तें जन्मास आलें. त्या अर्थीं त्याला औरसपणा नाहीं. लबाडी असलीच तर ती १९१३ सालीं टांकसाळींत झाली, आणि तिचा डाग बसला तो प्रामाणिकपणें पैसे मोजून नाणें घेणाऱ्या वॉल्टनच्या नांवावर.

मग १९६३ च्या पारख्यांना दोष द्यावा काय? मला तसें वाटत नाहीं. हजार बनावट नाणीं पाहिलेल्या डोळ्याला हजार-एकावें खरें दिसणें कठीणच. त्यांची चूक एवढीच कीं, ‘आम्हांस संशय वाटतो’ असें म्हणून न थांबतां त्यांनीं ‘खोटें आहे’ असा शेवटचा निकाल दिला. संशय फिटण्याला वाव राहतो. निकाल लागला कीं दार बंद होतें. खोटें नाणें खरें म्हणून घेतलें, तर नुकसान घेणाऱ्याच्या पिशवीचें होतें, आणि सावध झाला तर तो त्यांतून शहाणा होतो. पण खरें नाणें खोटें म्हणून फेंकलें, आणि कोणी तें वितळवून टाकलें, तर तें नुकसान भरून येण्याचा मार्गच राहत नाहीं.

नाणें एकटें असतांना मुकें असतें, हें आपल्याकडेहि अनुभवास आलें आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं तीं. त्यांपैकीं नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला दिसला. एखादें सुटें नाणें मिळालें असतें, तर कोणीहि तें बिघडलेलें म्हणून बाजूला टाकलें असतें. हजारों नाणीं शेजारीं-शेजारीं पाहतां आलीं, म्हणून जेत्यानें जिंकलेल्याचें चलन आपलेंसें केल्याची ग्वाही त्यांनीं दिली.

याच कारणासाठीं मला त्या नाण्यांच्या जत्रेचें मोल वाटतें. तेथें पैशाचा बाजार भरतो, हाव असते, ठकहि येतात, हें सारें खरें. परंतु आपापल्या तिजोरींत कुलुपबंद असलेलीं नाणीं तेथें एका टेबलावर येतात आणि एकमेकांची साक्ष देतात. विल्सनच्या मेळाव्याला निघालेला वॉल्टन तेथें पोहोंचला नाहीं. त्याचें नाणें एकेचाळीस वर्षांनीं बाल्टिमोरच्या मेळाव्याला पोहोंचलें. आणि तें पोहोंचूं शकलें, याचें श्रेय एकाहि तज्ज्ञाचें नव्हे. किंमत नाहीं असें सर्वांनीं सांगितलें असतांहि, भावाची वस्तु म्हणून तें पाकीट ज्या बाईनें टाकून दिलें नाहीं, तिचें तें श्रेय आहे.